गोळी संपली की कुत्रा परत लंगडतो: कोकणातल्या घरात काय तपासायचं, पाण्यात काय करायचं

तक्रार दरवेळी याच शब्दांत येते. "गोळ्या चालू असल्या की चार पायांवर धावतो, गोळ्या संपल्या की आठवड्याभरात परत पाय उचलतो." मग पुन्हा गोळ्या, पुन्हा तेच. त्यातही कोकणातल्या घरांत याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. मिरगाचा पाऊस लागला की कुत्रा सकाळी उठताना कुरकुरायला लागतो, श्रावणात जिना टाळतो, गणपतीत पाहुण्यांसमोर तीन पायांवर हिंडतो, आणि दिवाळीनंतर बराचसा आपोआप सुधारतो. पुढच्या जूनला परत पहिलं पान.

यावर घरातल्या सगळ्यांचं एकच निदान असतं: पावसाळी हवा, म्हातारी हाडं. हवेचा थोडा वाटा असेलही. पण मी एका पशुवैद्यकांच्या दवाखान्यात हाडासांध्यांच्या जनावरांच्या व्यायामाचं काम बघते, आणि माझं मत स्पष्ट आहे. पावसाळ्यात सांध्यापेक्षा सांध्याभोवतालच्या गोष्टी जास्त बदलतात. कुत्रा चार महिने पडवीत बांधलेला असतो. बिबट्याच्या भीतीने संध्याकाळचं फिरणंही बंद होतं. खळ्यातल्या जांभ्यावर शेवाळ धरतं, म्हणून तो घरात, गुळगुळीत लादीवर वावरतो. एरवी जांभ्यावर आपसूक घासली जाणारी नखं वाढत जातात, आणि वाढलेल्या नखांनी लादीवर पाय आणखी सरकतो. भात मात्र तेवढाच. चार महिन्यांत मांडी बारीक होते आणि पोट वाढतं. गोळी दुखणं कमी करते. लादी, नख, मांडी आणि पोट यांतलं काहीच ती बदलत नाही. म्हणून ती संपली की लंगडणं परत येतं.

आधी खात्री करा, हा संधिवातच आहे ना

गेलेली ताकद परत आणायला पाण्यातला व्यायाम कामाचा. पण पाण्यात उतरवण्याआधी हे बघायलाच हवं, कारण काही दुखण्यांना पाणी अपाय करतं.

कोकणात पहिला संशय गोचीडतापावर घ्यावा. आज पुढचा डावा पाय, परवा मागचा उजवा, अशी जागा बदलत लंगडत असेल, अंग गरम असेल, खाणं कमी झालं असेल, हिरड्या फिकट दिसत असतील तर ती रक्ततपासणीची केस आहे. गोचिडीतून येणाऱ्या एर्लिकियासारख्या जंतूंमुळे सांधे सुजतात आणि बाहेरून ते हुबेहूब संधिवातासारखं दिसतं. यातही 'परत परत होतंय' ही तक्रार असतेच, कारण एर्लिकियाचा औषधाचा कोर्स साधारण चार आठवड्यांचा असतो आणि चौथ्या दिवशी कुत्रा शेपूट हलवायला लागला की घरचे तो सोडून देतात. पाऊस ओसरताना पडवीतल्या भिंतीच्या फटी, कुत्र्याच्या पोत्याची घडी, कानाच्या पाळीची आतली बाजू नीट बघा. अंगावरच्या गोचीड काढल्या आणि भिंतीतल्या ठेवल्या तर काही उपयोग नाही.

दुसरं, गुडघ्यातला अस्थिबंध तुटणं. धावताना एकदम केकाटला, मागचा पाय उचलला, आणि नंतर फक्त बोटं टेकवत चालतो, हे त्याचं रूप. अशा कुत्र्याला बसायला सांगा. निरोगी कुत्रा दोन्ही गुडघे दुमडून नीट बसतो. हा दुखरा पाय बाजूला फेकून तिरपा बसतो. मोठ्या कुत्र्यांत याला बहुधा शस्त्रक्रिया लागते आणि नुसत्या गोळ्यांवर तो वर्षानुवर्षं 'बरा-परत-बरा' करत राहतो. पॉमेरेनियनसारखा छोटा कुत्रा चालता चालता मध्येच एक पाय उचलून तीन-चार पावलं टुणटुणत जातो आणि परत नीट चालू लागतो, तेव्हा गुडघ्याची वाटी सरकत असण्याची शक्यता जास्त. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड मागचे दोन्ही पाय एकत्र उचलून सशासारखा पळत असेल तर खुब्याचा एक्स-रे काढावा. वयस्क मोठ्या कुत्र्याच्या मनगटाजवळ किंवा खांद्याजवळ घट्ट गाठ असेल आणि दुखणं दर आठवड्याला वाढत असेल, तर व्यायामबियाम बाजूला ठेवून आधी एक्स-रे. तो हाडाचा कर्करोग असू शकतो.

आणि एक घाईची गोष्ट. मागचे पाय एकदम लुळे पडले, पंजा उलटा टेकतो, लघवीवरचा ताबा गेला, असं काही दिसलं तर ते पाठीच्या कण्याचं दुखणं आहे. डॅशहुंडमध्ये हे खूप दिसतं. त्याला उचलून फळीवर ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. समुद्रावर नव्हे.

कुठला पाय, हे वाळू सांगते

घरची माणसं बऱ्याचदा चुकीचा पाय सांगतात. त्यात नवल नाही, कारण कुत्रा दुखऱ्या पायाचं वजन दुसरीकडे टाकतो आणि नजर त्या दुसऱ्या पायावर जाते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उचलली जाते आणि चांगला पाय टेकताना खाली येते. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा खुबा जास्त वर-खाली होतो.

यापेक्षा सोपी तपासणी आपल्या दारात आहे. ओहोटी लागल्यावर, पाणी नुकतंच मागे गेलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर कुत्र्याला दोरीने सरळ रेषेत, सावकाश चालवा. मग मागे फिरून ठसे बघा. चांगल्या पायाचा ठसा खोल आणि बोटं थोडी फाकलेली. दुखऱ्या पायाचा उथळ, बोटं मिटलेली, कधी कधी फक्त पुढची अर्धी गादी उमटलेली. पाय उचलायलाच जोर नसेल तर ठशाच्या आधी नखांनी ओढलेली एक बारीक रेघ दिसते. मग त्या पायाची मधली दोन नखं हातात घेऊन बघा, वरच्या बाजूने ती घासून सपाट झालेली असतात. ही रेघ आणि ही नखं बघितली की समजावं, प्रश्न फक्त दुखण्याचा नाही, ताकद गेली आहे. पाण्याचा उपयोग होतो तो याच कुत्र्यांना.

फोटो काढून ठेवा, शेजारी चप्पल ठेवून. महिन्याने त्याच जागी पुन्हा चालवून ताडून बघता येतं. शिंप्याची टेप असेल तर दोन्ही मांड्यांचा घेर कुत्रा उभा असताना, मांडीच्या वरच्या भागात, दरवेळी एकाच माणसाने मोजावा. दोन माणसांनी मोजलं की टेप कमी-जास्त आवळली जाते आणि उगीच आनंद किंवा उगीच काळजी होते.

समुद्रावर नेऊनही फरक का पडत नाही

"आम्ही तर रोज समुद्रावर नेतो, पोहतो मस्त, तरी लंगडतोच." हे वाक्य दापोलीपासून मालवणपर्यंत ऐकायला मिळतं. समुद्रावर नेणं आणि जलोपचार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बिघाड बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एका ठिकाणी असतो.

पहिलं ठिकाण म्हणजे पाखाडी, उतारावरची दगडी पायऱ्यांची वाट. घर वर वाडीत, किनारा खाली. कुत्रा पाखाडी उतरतो तेव्हा पुढच्या पायांवर आणि कोपरांवर भार येतो. मग पोहतो, दमतो. आणि दमलेल्या स्नायूंनी तीच पाखाडी चढतो, तेव्हा सगळा जोर खुब्यांवर आणि गुडघ्यांवर. पाण्यात कमावलेलं पायऱ्यांवर सांडलं. गाडीरस्त्याने न्या, लांब पडला तरी. रिक्षा, स्कूटरच्या पुढची जागा, काहीही चालेल. निदान परतीला तरी.

दुसरं, कोरडी वाळू. भुसभुशीत वाळूत प्रत्येक पाऊल रुतून वळतं आणि दुखरा सांधा नको तिकडे ताणला जातो. शिवाय किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने लांब चाललात तर एका बाजूचे दोन पाय सतत खालच्या अंगाला राहतात. ओल्या, सपाट पट्ट्यातून चला आणि जितकं जाल तितकंच परत या.

तिसरं ठिकाण सगळ्यात महत्त्वाचं: पाण्याची खोली. कुत्र्यांवर केलेल्या मोजमापात असं आढळलं आहे की पाणी मागच्या पायाच्या घोट्यापर्यंत असेल तर पायांवर येणारा भार कोरड्यातल्या भाराच्या सुमारे ९१ टक्के असतो, गुडघ्यापर्यंत असेल तर ८५ टक्के, आणि खुब्यापर्यंत असेल तर एकदम ३८ टक्के. म्हणजे ३० किलोच्या लॅब्राडॉरला खुब्याएवढ्या पाण्यात जेमतेम साडेअकरा किलो उचलावे लागतात. खारं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, त्यामुळे समुद्रात किंचित आणखी हलकं वाटतं. आपले लोक कुत्र्याला गुडघ्याएवढ्या पाण्यात खेळवतात आणि समजतात सांध्याला आराम मिळाला. तिथे भार जवळपास तेवढाच असतो, वर लाटांचे धक्के. घोट्याएवढ्या पाण्याचा उपयोग वेगळा आहे: पाणी टाळायला कुत्रा पाय उंच उचलतो, म्हणजे पाय ओढणाऱ्याला तो चांगला व्यायाम होतो. पण दुखऱ्या खुब्याला हलकं करायचं असेल तर पाणी खुब्यापर्यंतच हवं.

चौथं, पोहणं म्हणजेच उपचार असं समजणं. पोहताना बरेच कुत्रे काम पुढच्या पायांकडून करून घेतात आणि मागचे नुसते तरंगत ठेवतात. ज्याचे मागचेच पाय कमजोर आहेत तो अर्धा तास पोहला तरी मांडी भरत नाही, खांदे मात्र पैलवानासारखे होतात. शिवाय पोहताना सांधा दुमडतो चांगला, पण मागे पूर्ण ताणला जात नाही; तो ताण जमिनीवर पाय टेकवून चालण्यातून मिळतो. म्हणून शहरातल्या केंद्रांत काचेच्या टाकीतल्या फिरत्या पट्ट्यावर (ट्रेडमिलवर), पाण्यात चालवतात. आपल्याकडे ती टाकी नसली तरी चालवण्याजोगं पाणी आहे. कोपराचा संधिवात असलेल्या कुत्र्याला तर पोहायला लावूच नये, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याशिवाय. पुढच्या पायांचा मारा त्याच सांध्यावर पडतो.

मग पाण्यात करायचं काय

जागा खाडीच्या तोंडापासून आत, तळ वाळूचा, ओढ नाही अशी बघावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जोरात चढतं-उतरतं. अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ते कमी हलतं आणि हवी ती खोली जास्त वेळ टिकते. वेळ कोळीवाड्यात विचारा, मोबाइलवरच्या तक्त्यापेक्षा त्यांना त्या खाडीचा स्वभाव ठाऊक असतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढतात तिथून लांब राहा. तिथल्या वाळूत गळ, पाकटाचे काटे, जाळ्याचे तुकडे असतात. खडकाला कालवं चिकटलेली असतील तर तिकडे नकोच, पंजे कापतात. दुपारची वाळू पंजे भाजते, म्हणून सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

वेळास, आंजर्ले, गुहागरसारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले अंडी घालतात. तिथे कुत्रा दोरीवरच हवा. लंगडा कुत्रासुद्धा वाळू उकरायला तयार असतो.

आधी पाचेक मिनिटं ओल्या वाळूवर चालवून अंग गरम करा. मग तुम्ही स्वतः पाण्यात उतरून कुत्र्याला पाणी खुब्यापर्यंत येईल तिथे आणा आणि किनाऱ्याला समांतर, अगदी सावकाश चालवा. घाई करू नका, कारण वेग दुप्पट केला की पाण्याचा विरोध दुपटीहून बराच जास्त वाढतो. सुरुवातीला दोन-तीन मिनिटं चालणं, तेवढाच आराम, असं तीनदा. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा पुरे. रोज नको, मधला दिवस स्नायूला लागतो. दर आठवड्याला एखादं मिनिट वाढवा. पोहवायचंच असेल तर पाठीवर धरायला पट्टा असलेलं तरंगतं जॅकेट घाला आणि अर्ध्या मिनिटापासून सुरुवात करा. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला जॅकेटशिवाय खोल पाण्यात सोडणं म्हणजे बुडवणंच.

मागचा भाग फारच डळमळत असेल तर जुन्या टॉवेलची झोळी पोटाखालून घेऊन वर धरा. झोळी मांड्यांच्या पुढे, पण नर कुत्र्याच्या लिंगावर दाब येणार नाही अशी असावी. ओल्या टॉवेलच्या काठाने तिथली कातडी सोलवटते आणि मग कुत्रा पाण्याचं नाव काढलं तरी पळतो.

थकवा ओळखायला शिका. मागचा भाग बुडायला लागला, मान ताणून वर आली, पुढचे पंजे पाण्याबाहेर फटाफटा आपटायला लागले, जीभ लांब आणि टोकाशी रुंद झाली, की बाहेर. कुत्रा स्वतःहून थांबेल अशी वाट बघू नका. चेंडू दिसला की लॅब्राडॉर शुद्ध हरपेपर्यंत पोहतो. चेंडू घरीच ठेवा.

प्यायचं पाणी बरोबर न्या आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पाजा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. तहानेने ते प्यायला की आधी जुलाब-उलट्या, जास्त झालं तर झोकांड्या आणि झटके. पोहल्यावर उलटी झाली की लोक म्हणतात समुद्र मानवला नाही. ते मीठ असतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने अंग, विशेषतः बोटांमधल्या फटी धुवा आणि कान कोरडे करा. नाहीतर आठ दिवसांत पंजे चाटणं सुरू होतं आणि तो पुन्हा लंगडतो, यावेळी बुरशीमुळे.

उघडी जखम, टाके, कानाचं किंवा कातडीचं इन्फेक्शन, ताप, जुलाब, हृदयाचं दुखणं, फिट येण्याचा त्रास यांतलं काही असेल तर पाणी बंद. शस्त्रक्रियेनंतर टाके निघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीच.

जास्त झालं की योग्य झालं, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. उठताना नेहमीपेक्षा जास्त आखडलेला असेल तर पुढच्या वेळी वेळ निम्मा करा. पाणी बंद करू नका, निम्मं करा. लोक एकतर रेटत राहतात नाहीतर सोडून देतात, आणि मग आमच्याकडे 'आम्ही ते करून बघितलं, फरक नाही' असं सांगत येतात.

पावसात समुद्र नसतो, तेव्हा

जून ते सप्टेंबर समुद्रात कुत्रा नेऊ नये, हे सांगायला नको. त्याऐवजी लोक शोधतात ते पर्याय बरेचदा जास्त वाईट असतात. शेताच्या बांधावरचं डबकं, भाताचं खाचर, पाणंदीतलं साचलेलं पाणी यांत उंदीर-घुशींच्या मुतातून आलेले लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे) जंतू असतात, आणि पंजाला खरचटलेलं असेल तर आत जायला तेवढं पुरतं. कुत्र्याला लेप्टोची लस दरवर्षी द्या. त्याच्याकडून घरातल्या माणसांनाही हा रोग होऊ शकतो. आंब्याच्या बागेतलं प्लास्टिकचा कागद घातलेलं शेततळं तर अजिबात नको. तो कागद इतका निसरडा असतो की धडधाकट जनावरालाही बाहेर येता येत नाही, लंगड्याचं काय. ऑक्टोबरनंतर स्वच्छ, वाहता, गोट्यांऐवजी वाळूचा तळ असलेला वहाळ मिळाला तर तो मात्र समुद्राइतकाच कामाचा.

चार महिने पडवीतच भागवायचं आहे, आणि ते भागतं. बांबूच्या किंवा पोफळीच्या रिपा घ्या आणि नारळाच्या सोडणांवर (सालींवर) आडव्या टेकवा. उंची पंजाच्या जरा वर. अंतर कुत्र्याच्या पावलाएवढं. पाच-सहा रिपांवरून दोरीने सावकाश नेलं की प्रत्येक पाय उचलून, वाकवून ठेवावा लागतो. पाय लागला तर सोडण घरंगळतं, इजा होत नाही. म्हणून चिऱ्यावर किंवा विटेवर रिपा ठेवू नका. दुसरा व्यायाम उठ-बस. खाऊचा तुकडा नाकासमोर धरून बसवायचं, मग उभं करायचं. खुबा फार दुखत असेल तर बुडाखाली जेवायचा पाट ठेवा, म्हणजे पूर्ण खाली जावं लागत नाही. पाच उठ-बशा, दिवसातून दोनदा, याने सुरुवात. तिसरा: कुत्रा उभा असताना चांगला पाय जमिनीपासून जेमतेम उचलून पाच-दहा सेकंद धरायचा, म्हणजे दुखऱ्याला काम करावंच लागतं. व्यायामाआधी दहा मिनिटं कोमट पाण्याच्या पिशवीचा शेक, आपल्या मनगटाला सोसेल एवढाच. सांधा व्यायामानंतर गरम-सुजलेला वाटला तर कापडात गुंडाळलेला बर्फ.

हे सगळं कुठे करायचं, तर सारवलेल्या जमिनीवर. ज्यांच्या घरी मागची पडवी अजून शेणाने सारवतात त्यांचे म्हातारे कुत्रे ग्रॅनाइटवाल्यांपेक्षा चांगले उठतात-बसतात, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. नखं रुततात, पाय धरून राहतो. लादी असेल तर झोपायच्या जागेपासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि दारापर्यंत काथ्याच्या चटया सलग टाका. मध्ये हातभर लादी उघडी सोडलीत तर कुत्रा नेमका तिथेच घसरतो. नखं दर तीन-चार आठवड्यांनी कापा, पंजाच्या गादीमधले केस छाटा. शेवाळावर ब्लीचिंग पावडर टाकलीत तर धुऊन निघेपर्यंत कुत्र्याला तिकडे सोडू नका.

भात, बांगडा आणि गोळ्या

लठ्ठ कुत्र्याचं ६ ते ८ टक्के वजन उतरलं तरी लंगडणं डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. ३० किलोवाल्याला म्हणजे दोन-अडीच किलो. लॅब्राडॉरच्या ४८ पिल्लांवर आयुष्यभर केलेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला: जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. कमी खाणारे मध्यमान १३ वर्षं जगले, दुसरे ११.२, आणि सांध्यांची औषधं त्यांना उशिरा लागली. हे वाचून दाखवलं तरी काकू म्हणतात, "पण तो बघत बसतो ना ताटाकडे." बघू दे. फासळ्यांवर हात फिरवा. दाबल्याशिवाय लागायला हव्यात. पावसाळ्यात फिरणं कमी झालं की भात त्याच आठवड्यात कमी करा, दिवाळीची वाट न बघता. उकडलेला, काटा काढलेला, बिनमिठाचा बांगडा किंवा तारली आठवड्यातून दोन-तीनदा चांगली. त्यातल्या ओमेगा-३ चा सांध्याच्या सुजेवर थोडा उपयोग होतो. पण ती भाताच्या जागी, भाताच्या वर नव्हे. सुकट-बोंबील मिठाचे, ते नकोत. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांकडून फार अपेक्षा ठेवू नका. तेवढ्या पैशांत चटया येतात.

वेदनाशामक गोळी वाईट नाही. उलट दुखत असताना व्यायाम होत नाही, म्हणून सुरुवातीचे आठवडे ती लागतेच. फक्त ती पशुवैद्यकाने वजन बघून दिलेली असावी, खाण्यानंतर द्यावी, आणि उलटी, काळी शी किंवा खाणं बंद दिसलं तर थांबवून फोन करावा. घरातली आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडाची वाट लावते. डायक्लोफिनॅकवर तर जनावरांसाठी २००६ पासून बंदी आहे. ती आली गिधाडांसाठी, म्हसळ्याजवळ चिरगावला जी थोडी राहिली आहेत त्यांच्यासाठीही. स्टेरॉइड आणि वेदनाशामक एकत्र कधीच नाही. दोन वेगळ्या डॉक्टरांकडे दाखवत असाल तर आधीचा कागद दाखवा, हे प्रकरण तिथेच घडतं.

मांजराबद्दल थोडक्यात. ते लंगडत नाही, ते फक्त फडताळावर उडी मारायचं सोडतं, घडवंचीवर थांबून मग वर जातं, पाठ चाटणं बंद करतं. त्याला पाण्यात घालू नका, पायरी ठेवा. आणि पॅरासिटामॉलचा तुकडाही देऊ नका. कुत्र्यालाही नाही, पण मांजर एका गोळीत जातं.

इतकं करून दोन महिन्यांत वाळूवरचा ठसा बदलला नाही तर पुन्हा डॉक्टरकडे जा आणि जाताना व्हिडिओ न्या. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा चारही पायांवर ताठ चालतो आणि तुम्ही खोटे पडता. सकाळी उठतानाचा एक, बाजूने चालतानाचा एक, मागून चालतानाचा एक. फोन आडवा, आणि तुम्ही उकिडवे बसून कुत्र्याच्या कंबरेच्या उंचीवर धरलेला. उभ्याने काढलेल्या व्हिडिओत नुसती पाठ दिसते.